पेपरच्या दिवशी बाबांनी फंड उचलला

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मॉनिका टीचरचं नाव घेतो. आईसमोर घेतो, आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. उलट तीच म्हणते, "आमी जलम दिला, बाकी समदं टीचरनं केलं." टीचर वसईच्या ज्युनियर कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. अकरावीची सहामाही झाल्यावर मी कॉलेज सोडून एका कारखान्याच्या गाळ्यात पॅकिंगला लागणार होतो. ते त्यांनी होऊ दिलं नाही. बारावी झाली, मी वसईतच बी.कॉम.ला गेलो, त्यांचा विद्यार्थी राहिलो नाही, तरी दर शनिवारी त्यांच्या घरी जाण्याची माझी सवय सुटली नाही. वसई गावाबाहेर केळीच्या वाडीत त्यांचं कौलारू घर होतं. ओटीवर त्यांच्या सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असत. त्या दोघी एकमेकींशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला पहिली दोन वर्षं अजिबात कळली नाही. मी दिसलो की टीचर शुद्ध मराठीवर येत आणि आतून सांदणांची ताटली येई. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की दोघी उभ्या राहून प्रार्थना म्हणत. मी ताटली हातात धरून तसाच उभा राही, कारण बसून खाणं बरं दिसलं नसतं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. टीचरची शिकवण्याची एक रीत होती. वर्तमानपत्रातली बाजाराची बातमी मोठ्याने वाचायची, मग उठून ती जिथे घडली त्या जागेवर बोट ठेवायचं, आणि तिथून बोट न उचलता विरारपर्यंत यायचं. वाटेत काय काय लागतं ते सांगायचं. अमेरिकेत व्याज वाढलं, म्हणजे परदेशी पैसा आपल्या बाजारातून उठून तिकडे जाणार, म्हणजे रुपया पडणार, म्हणजे बाहेरून येणारं तेल महागणार, म्हणजे टेम्पोवाला तुझ्या बाबांच्या मिठाचं भाडं वाढवणार. एका छोट्या बेटावर चिप तयार होतात, तिथे गडबड झाली तर इथे मोटारीचे कारखाने थांबतात. मी चुकलो की त्या म्हणत, "बोट उचललंस. पुन्हा." एकदा एका नव्या विचार करणाऱ्या यंत्राची बातमी आली आणि एका सकाळीत आपल्याकडच्या संगणक कंपन्यांचे शेअर धडाधड कोसळले. तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, "टीचर, हे यंत्र हिशेबही करतंय म्हणे. मग बी.कॉम.चं काय?" त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही." शिक्षक असं म्हणू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याच नकाशावर पेन्सिलीने काढलेली एक बारीक रेघ होती. ती त्यांच्या मुलाची, नेल्सनची. नेल्सन तेलाच्या जहाजावर इंजिनियर होता. त्याचा फोन आला की टीचर रेघ पुढे नेत. रेघ आखातातून निघे, सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडे आणि कधी इकडे, कधी आफ्रिकेकडे वळे. मला ती रेघ म्हणजे अभ्यासाचाच भाग वाटायची.

आमचं घर विरारला, चंदनसारच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मी लहान होतो तेव्हा गावाच्या तिन्ही बाजूंनी भात आणि एका बाजूने मीठ होतं. मी कॉलेजात गेलो तोवर दोन बाजूंनी इमारती आल्या होत्या, आणि आमच्या अंगणातून दिसणारा डोंगर कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाक्यांमागे गेला होता. बाबा बांधाजवळच्या आमच्या शेतात भात लावत आणि पावसाळा सरला की शेजारचं मिठागर भाडेपट्ट्याने करत. घरात मिठाचा वास नव्हता, पण मिठाची चव होती, पाण्याच्या हंड्याच्या काठालाही. सकाळी आईच्या तांदळाच्या भाकरी थापटण्याचा आवाज, तव्यावर सुक्या बोंबलाचा वास, आणि बाहेर बाबांची लाकडी फळी दगडावर घासण्याचा आवाज, ह्यावर मी उठत असे. मीठ ओढायची ती फळी ते रोज घासत. ती खराब झाली नसली तरी घासत.

मिठाच्या माणसाचं एक असतं, आणि ते ज्यांनी मीठ केलं नाही त्यांना सांगून समजत नाही. तयार होत आलेलं मीठ वाफ्यात असतं. अजून दोन दिवस ऊन मिळालं तर खडा मोठा होईल, भाव चांगला येईल. पण आकाशात नको तिथे ढग दिसला की थांबायचं नाही. खडा कच्चा असो, बारीक असो, चिखल लागलेला असो, घरातली सगळी माणसं धावत सुटतात आणि मिळेल ते ओढून राशीवर घालतात, वर पेंढा टाकतात. कारण पाऊस आला की मीठ खराब होत नाही, मीठ उरतच नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, आणि आई मला ओट्यावर तसाच टाकून मीठ उचलायला धावली होती. मला त्याचा राग नाही. मी धावू शकलो असतो तर मीही गेलो असतो.

मग नवा रस्ता आला. मिठागराचा भाडेपट्टा संपवला गेला, त्याचे काही पैसे मिळाले नाहीत. शेत मात्र आमच्या नावावर होतं, त्याचा मोबदला बाबांच्या खात्यात आला. गावात ज्यांना ज्यांना मोबदला आला त्यांच्या दारात मोठ्या काळ्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या आमच्या गल्लीत वळत नसत, मागे घ्यायला चार माणसं लागत. प्लॉटवाले, विमावाले, फुलपाड्यात फ्लॅट बुक करा म्हणणारे, सगळे आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेले. बाबांनी कुणालाच शब्द दिला नाही. ते फक्त आईला म्हणत, "खाऊन संपनार नाय असं कायतरी पायजे. शेत खाऊन संपत नवतं." रंजनाला, माझ्या धाकट्या बहिणीला, नर्सिंगला जायचं होतं, तिची फी त्यातच होती. पण फीपेक्षाही बाबांना दुसरीच काळजी होती. पाच पिढ्या ज्या घरात जमीन होती, ती त्यांच्या हातून गेली होती. तिच्या जागी जे येईल ते त्यांच्या हातून जाता कामा नये.

मी टीचरना विचारलं. त्या एका रविवारी चर्च आटोपून रिक्षाने आमच्या घरी आल्या. आमच्या घरात खुर्चीवर बसलेली पहिली शिक्षिका त्या. आईने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं होतं, ते त्यांनी मागून दुसऱ्यांदा घेतलं, त्यामुळे आईची भीती गेली.

"टीचर," बाबा म्हणाले, "जमीन व्हती ती दिसायची. हे बँकेतलं दिसत नाय."

"बँकेतलं वाढतंही हळू, भाऊ. महागाई त्याच्यापुढे पळते. रंजनाच्या फीचे पैसे बँकेत ठेवा, त्याला कुणी हात लावायचा नाही. उरलेल्यातला मोठा भाग एका फंडात टाका. देशातल्या मोठ्या मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा त्यात येतो. एक बुडाली तरी सगळ्या बुडत नाहीत."

"म्हंजी कंपन्यांमधी आमचा वाटा?"

"वाटा. लहानसा."

"आनि पडलं तर?"

"पडणारच. मधे मधे पडतं. आपण बघत बसायचं नाही. दहा वर्षं विसरून जायचं."

"शेत कोन इसरतं, टीचर?" बाबा म्हणाले, आणि टीचर हसल्या, मीही हसलो. मला आता वाटतं, आमच्या पुढच्या सगळ्या कथेची चाहूल त्या प्रश्नात होती, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं त्यावर हसलो.

बाबा विसरले नाहीत. मी त्यांच्याच फोनवर ॲप घालून दिलं, आकडा कुठे बघायचा, कुठे दाबलं की खरेदी, कुठे दाबलं की विक्री, सगळं दाखवलं. आपल्या वडिलांना आपण काहीतरी शिकवतोय याचं मला फार अप्रूप होतं. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून, पूर्वी जसे आकाशाकडे बघत तसे, फोन लांब धरून बघत. हिरवं असेल तर "आज बरं हाय," लाल असेल तर काही नाही. आई चुलीपाशी बसल्या बसल्या टोमणा मारी, "मिठागर आता मोबाइलमधी भरलंय. पानी सोडलं का आज?" गावात त्यांना शेठ म्हणू लागले होते. "शेठ, आज बाजार काय म्हंतोय?" बाबा लाजत, पण उत्तर देत. बघता बघता त्यांना रेपो रेट म्हणजे काय ते कळायला लागलं, आणि अमेरिकेचा व्याजाचा निर्णय रात्री कळतो हेही. मीही शिकवण्यांच्या पैशांतून एका जहाज कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. टीचरनीच कधीतरी शिकवलं होतं की समुद्रात वाट अडली तर जहाजांना लांबचा फेरा पडतो, फेरा लांबला की जहाजं कमी पडतात, कमी पडली की भाडं चढतं. मला वाटलं, ही गोष्ट बाजाराला कळायच्या आत मला कळली आहे. त्या वयात असं वाटतं. आता मी याच कामात आहे, विरारला छोटं ऑफिस आहे, आणि समोर बसलेल्या प्रत्येक तरुण मुलाच्या चेहऱ्यावर मला तेच दिसतं.

माझ्या शेवटच्या वर्षाचे पेपर चालू होते. पेपरला फोन नेऊ देत नसत, म्हणून मी माझा घरीच ठेवून जात असे. त्या दिवशी सकाळी घरातून निघालो तेव्हा टीव्ही बंद होता. तीन तास पेपर लिहून बाहेर आलो, तर कॉलेजसमोरच्या मोबाइलच्या दुकानात गर्दी. वाटलं क्रिकेट असेल. आत जाऊन बघतो तर पडदाभर धूर. आखातात लढाई पेटली होती, सामुद्रधुनीच्या तोंडावर एक तेलाचं जहाज जळत होतं. खाली बाजाराची पट्टी लाल, इतकी लाल मी कधी बघितली नव्हती. सगळं पडत होतं, बँका, मोटारी, विमानं, रंगाच्या कंपन्यासुद्धा. फक्त दोनच गोष्टी वर जात होत्या, दारूगोळा करणारे आणि माझी जहाज कंपनी.

खोटं कशाला बोलू, आतून आनंदाची उकळी फुटत होती. माझं गणित बरोबर आलं होतं. फंडाची भीती आणि शेअरचा आनंद, दोन्ही एकदम सांगायला मी धावत टीचरकडे गेलो.

ओटी रिकामी होती. भाजी अर्धी निवडलेली, सूप तसंच. टीचर आत नकाशासमोर उभ्या होत्या, बोट नकाशावर. मी दारातूनच सुरू झालो.

"टीचर, बघितलंत? फंड केवढा पडला! बाबांना काय सांगू?"

"सांग, हात लावू नका." त्यांनी वळून बघितलं नाही. "लढाई सुरू झाली की पहिल्या दिवशी सगळे पळतात. आपोआप विकणारी यंत्रंही पळतात, माणसांच्या आधी. काही आठवडे थांबायचं. घाबरून विकायचं नाही."

"आणि माझी जहाज कंपनी वर गेली, टीचर! तुम्ही सांगितलं होतं तसंच. वाट अडली, फेरा लांबला, भाडं चढलं."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी मार्क."

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, तो वर्गातल्यासारखा होता. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, हातात जपमाळ, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. एवढ्या वर्षांत मला ती बोली थोडी कळू लागली होती. त्यांनी विचारलं होतं, नेल्सनचा फोन लागला का? टीचरनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं बोट कुठे आहे ते नीट बघितलं. पेन्सिलीची रेघ सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या तोंडाशी येऊन थांबली होती. बोट तिच्या टोकावर होतं.

ती रेघ मी शेकडो वेळा बघितली होती. टीव्हीवरचं जळतं जहाज मी दहा मिनिटांपूर्वी बघितलं होतं. भाडं कसं चढतं हे मला पाठ होतं. पण ह्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नव्हत्या. "टीचर, नेल्सनदादा..." एवढंच माझ्या तोंडून आलं.

"ते जहाज त्याचं नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीने सांगितलं. त्याचं मागे आहे रांगेत. पण फोन लागत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू घरी जा, दिनेश. बाबा एकटे टीव्ही बघत असतील. त्यांना सांग, हात लावू नका."

आज इतक्या वर्षांनीही मला ते वाक्य कळत नाही, म्हणजे एखादं माणूस तसं कसं बोलू शकतं ते कळत नाही. स्वतःचा मुलगा कुठे आहे ते माहीत नसताना त्यांनी माझ्या बाबांचा विचार केला. मी दुसऱ्यांचा पैसा सांभाळायचा धंदा करतो. माझ्याकडे तेवढं बळ नाही.

घरी पोहोचलो तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते, अंगात घाम, जणू खरंच मिठागरातून आले होते. टीव्ही बंद होता. चेहरा इतका समाधानी, की मी लहानपणी पाऊस पडायच्या आत रास झाकून झाल्यावर बघत असे तसाच.

"उचललं," ते म्हणाले.

"काय उचललं?"

"समदं. फंड. तू दाखवलं तिथंच दाबलं. दोनदा इचारलं त्यानं, नक्की का म्हनून. म्या दोनदा हो म्हनलं." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुजा फोन वाजत व्हता आत, कोनीतरी बाजार बुडाला बुडाला म्हनून पाठवत व्हतं. टीव्हीवर काळा धूर. म्या म्हनलं, पोरगा पेपरला, त्याची वाट बघायची तर समदं वाहून जाईल. अर्धं गेलं आसंल, पन अर्धं हाय. रास झाकली."

आई दारात उभी होती. रंजना माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला कळलं. आमच्या शेताचा तुकडा, जो आता कागदावरही नव्हता, तो माझ्या बाबांनी भीतीने नाही, तर आयुष्यभर जे बरोबर ठरलं त्याच हाताने, सगळ्यात वाईट दिवशी विकला होता. त्यांच्या जागी वसईतल्या फ्लॅटमधला कुणी असता तर कदाचित घाबरून टीव्ही बघत बसला असता आणि त्याचं नुकसान झालं नसतं. बाबा बसून राहू शकत नव्हते. बसून राहणाऱ्याचं मीठ जातं.

"टीचर काय म्हनाल्या?" बाबांनी विचारलं.

ते मी सांगितलं नाही. मी नेल्सनचं सांगितलं. बाबांचं समाधान चेहऱ्यावरून उतरलं. "त्या आगीत?" "त्या आगीत नाही, मागच्या जहाजात. पण फोन लागत नाही." मग त्यांनी विचारलं, "आनि तुजा तो जहाजवाला? तो बी पडला आसंल."

"नाही. तो वर गेला."

"वर? जहाजं जळतायत आनि वर?"

मी त्यांना समजावून सांगितलं, टीचरनी मला शिकवलं तसं. फेरा, तुटवडा, भाडं. समजावताना माझाच आवाज मला परका वाटत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी टीचरच्या पोराच्या जहाजाला जाळ लागला, की तुज्या फोनमधी हिरवं व्हनार?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. बाबा उठून आत गेले आणि त्यांनी त्या संध्याकाळी आकडा बघितला नाही.

बाजार आठवड्याभरात सावरायला लागला. तिकडे बोलणी सुरू झाल्याची नुसती अफवा आली आणि इकडे सगळं हिरवं. मी बाबांपासून टीव्ही लपवायचा प्रयत्न केला, पण गावातले लोक थोडेच लपतात. "शेठ, लवकर उचललंत की! आता बघा कुठं गेलाय." बाबा दोन-तीन दिवस जेवणावर नुसते बसले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "पाऊस आलाच नाय." मी म्हणालो, "आला होता, बाबा. थांबला." ते म्हणाले, "मीठ इरघळलं नाय पन. ज्यांनी नाय उचललं त्यांचं समदं तसंच हाय. मंग म्या का उचललं?" त्या दिवशी दडवलेला टीचरचा निरोप मी तेवढा सांगून टाकला. पुस्तकातलं उत्तरही देऊ शकत होतो. दिलं नाही.

नेल्सनचा फोन तोवरही आला नव्हता. त्याचं जहाज कुठल्या तरी बंदरात अडवून ठेवल्याचं कंपनी सांगत होती. बाबांनी एके सकाळी खाडीत जाळं टाकलं, कोलंबी आणि निवटे पकडले, आणि मला म्हणाले, "चल, टीचरकडे." माझे बाबा कुणाच्या घरी जात नसत. रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते. टीचरच्या ओटीवर पोचल्यावर त्यांनी मासळी सासूबाईंच्या हातात दिली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "टीचर, म्या उचललं. तुमी सांगलं व्हतं, हात लावू नका. पोरगा सांगायला आला त्याच्या आधीच उचललं."

मी मान खाली घातली. टीचर पुढे आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस विस्कटलेले होते. "भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या सकाळी फोनवर एक बटण दाबून मला नेल्सनला तिथून उचलता आलं असतं ना, तर मी कुणाचंही ऐकलं नसतं. दोनदा काय, दहादा हो म्हटलं असतं."

बाबा खाली बसले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. मी नकाशासमोर जाऊन उभा राहिलो, कारण त्या तिघांकडे बघवत नव्हतं. तिथेच, पुढच्या रविवारी, नेल्सनचा फोन आला. मी तेव्हा तिथे नव्हतो. टीचरनी मला कळवायच्या आधी बाबांना कळवलं, एवढं मात्र मला माहीत आहे, कारण बाबांनी ओट्यावरून मोठ्याने हाक मारली, "रंजे, टीचरचा पोर सुटला!" आणि गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं कुणी तुरुंगातून सुटलं.

माझा निकाल त्या पावसाळ्यात लागला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. टीचर विरारपासून एका रिक्षाच्या अंतरावर राहत, जाऊन सांगता आलं असतं, पेढे घेऊन गेलोही. पण जे सांगायचं होतं ते समोर उभं राहून माझ्याच्याने बोलवलं नाही, म्हणून आठवड्याभराने पत्र लिहून टपालात टाकलं. त्याची नक्कल मी ठेवली नव्हती. टीचर गेल्यावर नेल्सनने त्यांच्या सामानातून काढून ते मला परत दिलं. ते जसं होतं तसं इथे देतो.

"आदरणीय टीचरना सादर प्रणाम.

गेल्या आठवड्यात पेढे देताना मी जे बोललो ते नुसतं पेढ्यांबरोबर बोलायचं असतं तसं होतं. खरं हे लिहितो.

रंजनाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरली. तुम्ही जे पैसे वेगळे ठेवायला सांगितले होते त्यातूनच.

उरलेल्याचं बाबांनी ठरवलं. मला वाटलं होतं ते आता फुलपाड्यातला फ्लॅट घेतील. प्लॉटवाला तीनदा येऊन गेला. पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, फंडात कोन कोन कंपन्या हायत ते वाच. मी रोज संध्याकाळी थोड्या थोड्या वाचून दाखवल्या. प्रत्येकीला विचारायचे, ही काय बनवते? साबण म्हटलं की मान हलवायचे. औषध म्हटलं की मान हलवायचे. तेल म्हटलं की विचारायचे, काढते का नुसतं विकते? एक कंपनी लढाईच्या रडारांची आली. त्यांनी विचारलं, हिला सोडून बाकीच्यांत देता येतात का? मी म्हणालो, नाही, सगळ्या एकत्रच असतात. त्या संध्याकाळी पुढचं वाचायचं राहिलं.

काल रात्री जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. सगळे नाही टाकले. दर महिन्याला थोडे थोडे जातील असं केलं आहे. मला म्हणाले, पुन्हा धूर दिसला तर फोन तुझ्या आईकडे दे, मला देऊ नको.

मी माझे जहाज कंपनीचे शेअर विकले, टीचर. फायदाच झाला. त्या फायद्याचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही शिकवलेलं एकही उत्तर चुकलं नाही. तरी त्या दिवशी तुमच्या दारात उभं राहून मी जे बोललो, ते बरोबर उत्तर होतं म्हणूनच मला अजून धक्का बसतो.

नेल्सनदादा परत जहाजावर गेला असं पेढे द्यायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात. बाबांना सांगितलं. तेव्हापासून ते रोज विचारतात, टीचरचा पोर आज कुठल्या पाण्यात हाय? मला माहीत नसतं. ते कळल्याशिवाय ते बाजाराचा आकडा बघत नाहीत, फोन तसाच पालथा ठेवतात. तर जमेल तेव्हा दोन ओळी कळवत जा. रेघ कुठवर आली एवढंच लिहिलंत तरी चालेल.

आपला विद्यार्थी,
दिनेश"